थंडीत बाथरूमची खिडकी बंद करताय? गॅस गिझर असेल तर आधी हे वाचा

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडमध्ये थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही गार पहाटा. कोकणातली घरं बांधली जातात ती ऊन आणि धो-धो पाऊस डोळ्यांसमोर ठेवून. ऊब धरून ठेवणारं अस्तर भिंतींना नसतं. मग गारठा वाढला की सोपा उपाय केला जातो: बाथरूमची खिडकी बंद, झडपांवर पुठ्ठा, दाराच्या फटीत जुनं फडकं.

आत इलेक्ट्रिक गिझर असेल तर यामुळे वाफ कोंडते आणि भिंतींना बुरशी येते. पण गॅस गिझर असेल, तर हाच उपाय जीव घेऊ शकतो.

बंद बाथरूममध्ये नेमकं काय होतं?

गिझरमधला गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. छोट्या, बंद जागेत तो झपाट्याने कमी होतो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

त्याला ना रंग, ना वास. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण एलपीजीमध्ये उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. गॅस जळतो तेव्हा तेही जळून जातं. म्हणून ‘वास आला नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा समज धोक्याचा आहे.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला २०० पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातापायांतली ताकद जाते. धोका लक्षात येईपर्यंत आतली कडी काढण्याइतकंही त्राण उरत नाही.

थंडीतच धोका का वाढतो?

नळाचं पाणी गार असतं आणि अंघोळ लांबते, म्हणून गिझर जास्त वेळ जळतो. नेमक्या त्याच दिवसांत खिडक्याही बंद असतात.

जुन्या घरांत न्हाणीघर मागीलदारी असायचं. पाणी चुलीवर किंवा तांब्याच्या बंबात तापायचं. हा वायू तिथेही तयार व्हायचा, पण जागा मोकळी होती आणि धूर डोळ्यांना लगेच झोंबायचा. आजच्या टाइल्सच्या बंद बाथरूममध्ये अशी कुठलीच सूचना मिळत नाही.

जानेवारी २०२० मध्ये मुंबईतल्या बोरिवलीत १५ वर्षांच्या मुलीचा अशाच घटनेत मृत्यू झाला. त्याच महिन्यात नेपाळमधल्या दामन इथे केरळचे ८ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि गुदमरून दगावले.

एक्झॉस्ट फॅन पुरेसा आहे का?

नाही. वीज गेली की तो बंद पडतो. शिवाय फॅन हवा बाहेर फेकत असताना ताजी हवा आत यायला वाट हवी. ती नसेल तर फॅनचा उपयोग फारसा होत नाही.

मग काय करायचं?

• गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा.
• गिझर आतच असेल तर आधी बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ दार उघडं ठेवा आणि मगच अंघोळ करा.
• झडपा आणि दाराखालची फट कधीही बुजवू नका.
• ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गिझर वापरू नका, सर्व्हिसिंग करून घ्या.
• कुणी आत बेशुद्ध आढळलं तर दार-खिडक्या उघडा, त्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो ऑक्सिजन नॉर्मल असल्याचं दाखवू शकतो.

कुंडलिकेत राफ्टिंग करायला कोलाडला जाणार असाल, तर होमस्टेवर पोहोचल्यावर एवढंच विचारा: गिझर गॅसचा आहे का आणि तो कुठे बसवलाय? तो बाथरूमच्या आत असेल, तर खिडकी उघडीच ठेवा. थोडी थंडी वाजली तरी चालेल.