प्रतिपिंडांची सुधारणा आणि गणित

हिशेबापलीकडे गणिताचा उपयोग काय, असा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येत असेल. आपल्या शरीरांतील एका गूढ व्यापाराविषयीं गणितानें काय दाखवून दिलें, हें पाहिलें म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळेल.

रोगजंतु शरीरांत शिरले म्हणजे बी-पेशी नांवाच्या पेशींपासून प्रतिपिंड तयार होतात. ते जंतूंस चिकटून त्यांस निर्बल करितात. परंतु सर्वच प्रतिपिंडांची पकड सारखी नसते. अमेरिकेंतील आयसेन व सिस्किंड या शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं सशांवरील प्रयोगांनीं असें दाखविलें कीं, प्रारंभींचे प्रतिपिंड टोचलेल्या पदार्थास सैल धरतात, तर कांहीं आठवड्यांनंतरचे फार घट्ट धरतात. ही सुधारणा होते कशी?

गळा, कांख इत्यादि ठिकाणच्या लसीका-ग्रंथींत पेशींचे लहान लहान पुंजके बनतात. त्यांस आपण अंकुरकेंद्रें म्हणूं. तेथें बी-पेशी झपाट्यानें दुणावतात, आणि दुणावतांना प्रतिपिंडाच्या जनुकांत बदल होतात. हे बदल नेहमींच्या मानानें सुमारें दहा लक्षपट अधिक वेगानें घडतात. पण ते कोणत्याही योजनेनें घडत नाहींत. बहुतेक निरुपयोगी किंवा घातक ठरतात. एखादाच हितकर असतो. ज्या पेशींची पकड चांगली, त्या जगतात, बाकीच्या मरतात.

आतां थोडा हिशेब करूं. समजा, बदललेल्या वीस पेशींत एकच सुधारते, आणि उत्तम पकडीस असे सहा बदल लागतात. निवड अखेरीस एकदांच होत असेल, तर सहाही बदल साधलेली एक पेशी मिळण्यास २० चा सहावा घात, म्हणजे ६ कोटि ४० लक्ष पेशी लागतील. अंकुरकेंद्रांत तर अवघ्या कांहीं सहस्र पेशी असतात! उलट, प्रत्येक बदलानंतर निवड होऊन निवडलेल्या पेशीचीच संतति पुढें बदलूं लागली, तर दर फेरीस सरासरीनें २० प्रमाणें सहा फेऱ्यांस १२० पेशी पुरतात.

आमचा हिशेब स्थूल आहे. टॉमस केप्लर व अॅलन पेरेल्सन यांनीं १९९३ सालीं पेशींची वाढ, बदल व मृत्यु यांचीं समीकरणें मांडून हाच प्रश्न सूक्ष्मपणें सोडविला. निवडलेल्या पेशी पुनः बदलाच्या जागीं परतत असल्या पाहिजेत, तरच इतकी सुधारणा शक्य आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पुढें २०१० सालीं उंदरांच्या ग्रंथींतील पेशी प्रकाशाच्या योगानें चमकत्या करून शास्त्रज्ञांनीं त्यांची ये-जा प्रत्यक्ष पाहिली. कांहीं पेशी खरोखरच परत जात होत्या.

अर्थात् गणिताचें उत्तर गृहीत गोष्टींइतकेंच खरें असतें; त्यास प्रयोगाची कसोटी हवीच. पण प्रयोगानें कोठें पाहावें, हें गणित सांगूं शकतें. पुष्कळ लसींची दुसरी मात्रा कांहीं आठवड्यांनीं कां देतात, याचें एक कारणही येथेंच आहे : मधल्या काळांत या फेऱ्या चालून सुधारलेल्या पेशी मात्रेची वाट पाहत असतात.

एकाच उडींत सहा पायऱ्या चढूं पाहणारा पडतो. एकेक पायरी पक्की करणारा माथा गांठतो. विद्यार्थिमित्रहो, आपल्या शरीरांतील अतिसूक्ष्म पेशी हाच धडा रोज गिरवीत असतात, हें लक्षांत ठेवण्यासारखें नाहीं काय?