ग्रीष्मातील क्रीडाशिबिर आणि वैद्याचे उत्तर

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि एप्रिल महिना उजाडला, की आपल्या चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास येऊ लागतो. स्वतःच्या औषधासाठी आलेली आई जाता जाता उंबरठ्याशी थांबते आणि विचारते, "डॉक्टर, मुलाला यंदा उन्हाळी शिबिराला घालू का? झेपेल ना त्याला?" प्रश्न दोन मिनिटांचा असतो आणि आपले उत्तरही बहुधा तेवढेच असते. कोणी म्हणतो, "एवढ्या उन्हात कशाला?" कोणी म्हणतो, "पाठवा, काटक होईल." पहिल्या उत्तराने मुलाची सुटी दूरचित्रवाणी व मोबाईलपुढे जाते, दुसऱ्याने एखादे अशक्त मूल भर उन्हात धावत राहते. दोन्ही उत्तरे शास्त्राच्या नावाने दिली जातात, म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रंथांचा निषेध कशाचा?

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेही शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही मंद करावा, असे तेथेच म्हटले आहे. पुढे ऋतुचर्येत तर ग्रीष्मात व्यायाम आणि सूर्यकिरण दोन्ही टाळण्यास सांगितले आहे. ग्रीष्म हा आदानकालाचा शेवट. या काळी शरीरबल अल्प असते. म्हणजे शिबिरातील बालकाला वयाचा आणि ऋतूचा असे दोन निषेध एकदमच लागू होतात.

परंतु येथेच थांबणे योग्य नाही. सुश्रुताचार्यांनी बाल्यावस्था सोळा वर्षांपर्यंत मानली आहे. निषेध अक्षरशः घ्यावयाचा तर नववीतल्या मुलाने खो-खोही खेळू नये, असे म्हणावे लागेल. तसा अर्थ आपल्यापैकी कोणीही करीत नाही. शरीराला आयास उत्पन्न करणारे कर्म म्हणजे व्यायाम, अशी व्याख्या आहे. निषेध आहे तो या आयासाचा. बालकाच्या क्रीडेचे आचार्यांना वावडे नव्हते. चरकाचार्यांनी शारीरस्थानात खेळणी कशी असावीत हे सांगितले आहे : रंगीत, आवाज करणारी, हलकी, टोकदार नसलेली, तोंडात न जाणारी आणि न भिवविणारी. अष्टांगसंग्रहाच्या उत्तरस्थानात क्रीडाभूमी सपाट, शस्त्र, दगड व खडे यांपासून मुक्त असावी, असे वर्णन येते. खेळाच्या जागेची इतकी काळजी वाहणारे शास्त्र खेळालाच निषिद्ध मानील, हे संभवत नाही.

मग क्रीडेचा आयास कोठे होतो, हे ओळखणे एवढेच उरते. त्याचे गमक ग्रंथांनीच देऊन ठेवले आहे. श्वास तोंडाने घ्यावा लागणे, मुखशोष, आणि कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे ही अर्धशक्तीची लक्षणे होत. प्रौढाने तेथे थांबावयाचे; बालकाला तर त्याच्याही अलीकडे थांबवावयाचे. आणखी एका स्थळाकडे आपले दुर्लक्ष होते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांची जी यादी दिली आहे, तीत क्रोध, शोक व भय यांनी ग्रासलेले, तसेच भुकेले आणि तहानलेले लोकही आहेत. भय आणि तृषा एकाच यादीत आहेत, हे शिबिराच्या संदर्भात फार मोलाचे आहे.

आधुनिक संशोधनाचा सूरही याहून फार वेगळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल सुचविली आहे. मूल प्रौढापेक्षा उष्णता सोसण्यास मुळातच असमर्थ असते, ही जुनी समजूत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये बदलली. पाणी पुरेसे असेल तर तसा मोठा फरक आढळत नाही. अतिश्रम, अपुरी विश्रांती, अपुरे पाणी, अयोग्य कपडे आणि नुकतेच झालेले आजारपण ही धोक्याची खरी कारणे होत, असे त्यांचे म्हणणे. शरीराला उष्णतेत श्रम करण्याची सवय होण्यास सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात, हेही आता सर्वमान्य आहे. आपण यालाच सात्म्य म्हणतो.

एका घरातील तीन आठवडे

हे सर्व रोजच्या घरगुती जीवनात कसे उतरते, याचे एक उदाहरण आमच्या घरचेच आहे. आमचा नातू सहा वर्षांचा. पुण्यात घराजवळच्या एका मैदानावर तीन आठवड्यांचे शिबिर होते. वेळ सकाळी सात ते नऊ, विषय धावणे, खो-खो आणि मल्लखांब. आमच्या सूनबाई नोकरी करतात. चिरंजीवांना घरी येण्यास रात्रीचे नऊ वाजतात, मग जेवणे, मग मुलाची झोप साडेदहाला. सकाळी सहाला घाईने उठवणे, पेलाभर दूध व एक केळे पोटात घालणे आणि स्कूटरवरून मैदान गाठणे, हा पुष्कळ घरांतला क्रम तेथेही होता. पहिल्याच दिवशी दुसऱ्या फेरीनंतर मुलाला उलटी झाली.

येथे औषधाची गरजच नव्हती. मुलाचे जेवण संध्याकाळी साडेसातला आणि निजणे नऊच्या आत, असे ठरले. वडिलांची भेट सकाळी होऊ लागली, कारण मैदानावर सोडण्याचे काम आता त्यांच्याकडे आले. निघण्यापूर्वी रात्री भिजवलेल्या चार-सहा मनुका आणि राजगिऱ्याचा अर्धा लाडू. दूध परत आल्यावर, घाम निवल्यावर. बालकाला एकाएकी दचकवून उठवू नये, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. त्याप्रमाणे दहा मिनिटे आधी खिडकी उघडून, पाठीवरून हात फिरवून त्याला उठवण्यात येऊ लागले. उलटी पुन्हा झाली नाही.

चौथ्या दिवशी मात्र पोटदुखी सुरू झाली. उदर मृदू, कोठेही स्पर्शासहत्व नाही, मलप्रवृत्ती प्राकृत, आणि अकरा वाजता कडकडून भूक. रविवारी शिबिर नव्हते, त्या दिवशी पोटही दुखले नाही. रात्री तळपायांना तेल लावताना आम्ही सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, शेवटी आलो की सगळ्यांसमोर आणखी एक फेरी मारायला लावतात. आणि पाणी मागितलं की म्हणतात, आत्ताच तर आलास."

चरकाचार्यांच्या यादीतील भय आणि तृषा, दोन्ही एका वाक्यात आली. चिरंजीव दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांना भेटले. भांडण झाले नाही. मुलाला लहानांच्या गटात घालावे, वेळ सात ते आठ एवढीच ठेवावी आणि पाणी मागेल तेव्हा द्यावे, अशी विनंती त्यांनी केली आणि ती मान्य झाली. पोटदुखी दोन दिवसांत गेली. शेवटच्या आठवड्यात पठ्ठा मल्लखांबाला पायांची मिठी मारून तीन आकड्यांपर्यंत टिकू लागला. वर चढणे काही जमले नाही, पण संध्याकाळी तळहाताचे घट्टे दाखवून त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेरीस आणले. ते मूल पुढल्या वर्षी मैदानावर पुन्हा जाईल की मैदानाचे नाव काढताच पोट धरील, याचा निर्णय त्या एका रात्रीच्या विचारपुशीत झाला, असे आम्हांस वाटते.

उंबरठ्यावरच्या प्रश्नाला उत्तर

तेव्हा त्या आईला "हो" किंवा "नको" सांगण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. वेळ कोणती? सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास किंवा सूर्यास्तापूर्वीचा एक तास ठीक. दहानंतरचे मैदान नको. सावली आणि पाणी आहे का? दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांना पाणी मिळते का? पहिल्या आठवड्यात श्रम कमी ठेवून हळूहळू वाढवतात का? मूल नुकतेच ज्वर, अतिसार किंवा कांजिण्यांतून उठले आहे का, त्याला तमकश्वास आहे का? आणि शेवटचा प्रश्न मुलालाच विचारावा : तुला जायचे आहे का?

आहारात मधुर, शीत, द्रव व स्निग्ध हे ग्रीष्माचे सूत्र. सातूचे पीठ दूध-साखरेत कालवून, तूपभात, नाचणीची पेज, वाळा घातलेले माठातले पाणी, कोकम सरबत किंवा गूळ-वेलची घातलेले कैरीचे पन्हे यांतून घराला परवडेल ते निवडावे. उष्णकाळात तक्र देऊ नये, असा सुश्रुतोक्त निषेध आहे. म्हणून आंबट ताक टाळावे. घरी चालतच असेल तर ताजे, गोड, पातळ आणि लोणी काढलेले थोडे द्यावे. घामाघूम मुलाला बर्फाचे पाणी आणि लगेच थंड स्नान नको. दिवास्वाप एरवी निषिद्ध असला तरी ग्रीष्मात आणि बालकांना चरकाचार्यांनी त्याची मुभा दिली आहे. तेव्हा दुपारची तासाभराची झोप हा शिबिराचाच भाग समजावा. शिबिरामागोमाग चित्रकला, त्यामागोमाग पोहणे, असा दिवस ठासून भरणाऱ्या पालकांना हे आवर्जून सांगावे लागते. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे, ही खूण आईला शिकवून ठेवावी.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींसाठी

या दिवसांत दुकानात "स्टॅमिना वाढवणारे काहीतरी" मागितले जाते. शिबिरासाठी म्हणून वेगळे औषध नसते, हे सांगण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे. अन्न, पाणी व झोप नीट असता मोरावळा, गुलकंद किंवा दुधातून शतावरी कल्प एवढे पुष्कळ झाले. आसवारिष्टे आणि रसकल्प वैद्याच्या सल्ल्याविना लहान मुलासाठी देऊ नयेत. साध्या मुरगळण्यावर लेपगोळीचा लेप ठीक. पण सूज वाढते आहे, हाताला वाकडेपणा आहे किंवा मूल पाय टेकवीत नाही, असे असता लेपाआधी क्ष-किरण तपासणी.

जलसंजीवनीची पाकिटे मात्र अवश्य ठेवावीत. ‘ओआरएस’ असे नाव मिरवणारी गोड पेये आणि खरी जलसंजीवनी यांत गल्लत होत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास मनाई केली. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण फलकावर लिहून ठेवता येईल.

जेथे थांबू नये

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर १४ जणांचे प्राण गेले. ते लोक धावत नव्हते, केवळ बसून होते. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस आणि किनारपट्टीवर ३७ अंश ओलांडू लागले, की हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करते. तसा इशारा असलेल्या दिवशी मुलास घरीच ठेवावे. शुल्क भरलेले आहे, हे कारण ऐकू नये.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, चक्कर अशी लक्षणे दिसताच सावली, विश्रांती व जलसंजीवनी. मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी समजावा. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी, रस, औषध काहीही घालू नये. येथे आपल्या कोणत्याही कल्पाचा प्रयोग करीत वेळ दवडणे हे शास्त्रालाही मान्य होणार नाही.

महाराष्ट्रात व्यायामाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले, ते वैद्य बंधूंच्या पुढाकाराने. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. अशा संस्थांच्या मातीत पिढ्या घडल्या. आपल्या गावातील शिबिरांचे चालक आपले परिचितच असतात. हंगामापूर्वी त्यांच्याकडे अर्धा तास जाऊन पाणी, सावली, अर्धशक्तीची लक्षणे आणि मागे पडलेल्या मुलाशी वागण्याची रीत, एवढ्या चार गोष्टी सांगितल्या, तर चिकित्सालयात येणारे निम्मे प्रश्न मैदानावरच सुटतील. प्रत्येक सभासदाने येत्या चैत्रात निदान एका शिबिरापर्यंत हे पोहोचवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.