पांढऱ्या तोंडाचं कोकरू

मेंढी काळ्या तोंडाची, कोकरू पांढऱ्या तोंडाचं. 5 जुलै 1996, स्कॉटलंडमधली रॉसलिन संस्था. स्कॉटिश ब्लॅकफेस जातीच्या मेंढीला असलं पिल्लू होत नाही, म्हणजे ते तिचं नव्हतंच. सूक्ष्मदर्शकाखाली बीजांडं हाताळणाऱ्या कॅरेन मायकॉक तेव्हा एका लग्नाला गेल्या होत्या. त्यांना फॅक्सने बातमी गेली, त्यात तोंडाचा रंग आवर्जून कळवला होता.

हे कोकरू म्हणजे डॉली. ज्या सहा वर्षांच्या फिन डॉर्सेट मेंढीची ती प्रतिकृती, म्हणजे क्लोन, ती मेंढी कधीच मेली होती. उरल्या होत्या तिच्या कासेतल्या गोठवलेल्या पेशी. कासेची पेशी कासेचीच राहणार, तिला मागे फिरून पुन्हा गर्भ होता येणार नाही, असं बहुतेक जीवशास्त्रज्ञ धरून चालले होते. संस्थेतल्या कीथ कॅम्पबेल यांनी युक्ती काढली ती तिला उपाशी ठेवण्याची. पाच दिवस पोषक द्रव जेमतेम दिला, की पेशी विभाजन थांबवून स्वस्थ पडते. मग केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडाशी ती विजेच्या झटक्याने जोडायची.

फेब्रुवारी 1997 मध्ये डॉलीची बातमी फुटली आणि तिला घडवणाऱ्या गटाचे प्रमुख इयान विल्मट यांच्याकडे, दगावलेलं मूल परत मिळेल का, अशी विचारणा करणारी माणसं येऊ लागली. पुढच्याच वर्षी शिकागोचे रिचर्ड सीड मूल नसलेल्यांसाठी क्लोनिंगचं क्लिनिक काढायला निघाले. 2001 मध्ये रोमचे सेव्हेरिनो अँटिनोरी आणि अमेरिकेतले पॅनोस झावोस यांनी तशीच घोषणा केली. ज्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत, त्याला स्वतःचं मूल हवं असेल तर दुसरा मार्ग कोणता, असा त्यांचा सवाल होता. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वांझपणाचं दुःख ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना तो कळेल. फक्त असं मूल त्या पुरुषाचं मूल नसतं, उशिरा जन्मलेला जुळा भाऊ असतो. बायकोच्या वाट्याला तेवढा गर्भभार येतो.

पण मला त्याहून जास्त अस्वस्थ करतो तो डॉलीच्या शोधनिबंधातला हिशेब. कासेच्या पेशी जोडलेली 277 बीजांडं, त्यांतून 29 गर्भ, ते 13 मेंढ्यांच्या पोटात, आणि कोकरू एक. आता मेंढीच्या जागी बाई ठेवा. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात एका खेपेला साधारण दहा-पंधरा बीजांडं मिळतात, तीही रोजची हार्मोनची इंजेक्शनं आणि भूल देऊन घातलेली सुई सोसून. म्हणजे एका मुलासाठी वीसेक खेपा आणि तेरा बायकांची पोटं. प्रश्न नवऱ्याचा आणि भोग इतक्या जणींचा, हे ‘उपचार’ या नावाखाली खपवायचं कसं?

7 ऑगस्ट 2001 रोजी वॉशिंग्टनला राष्ट्रीय विज्ञान अकादमीत क्लोनिंगचे समर्थक आणि विरोधक समोरासमोर आले. सदोष गर्भ आधीच तपासून बाजूला काढू, असं क्लोनिंगवाल्यांचं म्हणणं होतं. विरोधकांमधले जीवशास्त्रज्ञ रुडॉल्फ येनिश यांना ते मान्य नव्हतं. बिघाड गुणसूत्रं मोजून दिसणारा नसतो. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, ही मांडामांडच चुकलेली असते, आणि तीही प्रत्येक क्लोनमध्ये निराळी. ती आधी पकडणारी चाचणीच नव्हती. 2004 मध्ये झावोस यांनी एका बाईच्या गर्भाशयात क्लोन गर्भ सोडल्याचं सांगितलं, पण मूल कोणाला दिसलं नाही.

येनिश यांची भीती माकडांनी खरी ठरवली. 2018 मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी झोंग झोंग आणि हुआ हुआ ही दोन क्लोन पिल्लं जगासमोर आणली, पण ती गर्भातल्या पेशींपासूनची. प्रौढ माकडाच्या पेशी वापरून त्यांनी 42 माद्यांत गर्भ ठेवले, 22 गाभण राहिल्या, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लवकरच मेली.

विल्मट यांनी 2007 मध्ये क्लोनिंगचा नाद सोडला. कारण जपानचे शिन्या यामानाका बीजांडाशिवायच त्वचेच्या पेशीला मागे फिरवू लागले होते. त्याच वाटेने 2023 मध्ये कात्सुहिको हायाशी यांनी नर उंदराच्या पेशींपासून बीजांडं तयार केली आणि दोन बापांची पिल्लं जन्माला घातली. मूल नसलेल्यांच्या आशा आता या नव्या वाटेकडे लागल्या आहेत. तिथला हिशेबही छापून आला आहे: 630 गर्भ, पिल्लं सात.