चालक नाही, मग ब्रेक कोण लावतं?

चेन्नईच्या नुंगंबाक्कम स्थानकावरून बीच–तांबरम लोकल 1931 सालापासून विजेवर धावते. तिथे पुढच्या डब्यात मोटरमन असतो. पण चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात, माधवरम ते सिपकॉट मार्गावर, नुंगंबाक्कमला जमिनीखाली जे स्थानक आखलं आहे, तिथल्या गाड्या चालकाविना धावणाऱ्या! आपल्या देशात अशी गाडी पहिल्यांदा दिल्लीत 28 डिसेंबर 2020 ला सुरू झाली.

मग ब्रेक कोण लावतं? तिघं मिळून!

गाडीचा वेग हळूहळू बदलतो: चाळीस, साडेएकोणचाळीस, एकोणचाळीस... दाराचं तसं नाही. ते नीट बंद आहे की नाही, एवढंच विचारायचं. पुढचा रूळही मोकळा आहे किंवा नाही. ‘किती?’ आणि ‘हो की नाही?’ हे दोन्ही प्रश्न एकाच गाडीत सोडवायचे असतात.

तिघांतला पहिला, नियंत्रण कक्षातला संगणक, वेळापत्रक बघतो: कोणती गाडी आधी, कोणती नंतर. ब्रेक किती दाबायचा, हे तो विचारतही नाही. ते काम गाडीतल्या संगणकाचं. तो क्षणाक्षणाला वेग मोजतो आणि कमी-जास्त करतो. या दोघांवर नजर ठेवणारा तिसरा आहे रखवालदार; तोही माणूस नव्हे, यंत्रणाच. वेगाची मर्यादा ओलांडली, पुढची गाडी फार जवळ आली, की तो थेट ब्रेक लावतो. त्याच्या ‘नाही’पुढे कुणाचंच चालत नाही. त्याचे नियम मुद्दाम मोजके ठेवतात, म्हणजे एकेक नियम कसून तपासता येतो. मला तर या तिघांत हाच सगळ्यात आवडतो.

‘किती?’वरून ‘हो की नाही?’ ठरवताना डब्यातल्या एसीचीही एक गंमत होते. समजा, तापमान 24 अंशांच्या वर गेलं की चालू आणि खाली आलं की बंद, असा नियम केला. मग तो सारखा चालू-बंद, चालू-बंद होत राहील आणि लवकर बिघडेल! म्हणून 25 ला चालू, 23 ला बंद, अशी मधे फट ठेवतात. घरचा साधा फ्रिजही असाच वागतो. त्याची घरघर थांबली की घड्याळ लावून बघा, पुन्हा कधी सुरू होते ते.

आता गाडी फलाटावर आली. तिची दारं फलाटावरच्या काचेच्या दारांसमोर बरोब्बर यायला हवीत. गाडी पुरती थांबली, अशी खात्री पटली तरच दारं उघडतात. निघताना कुणाचं दप्तर दारात अडकलं, तर? ‘दार बंद’ हा निरोपच येत नाही, आणि निरोप नाही तर गाडी जागची हलत नाही. उशीर होतोय, म्हणून नियंत्रण कक्षातला संगणकही तिला हाकू शकत नाही. तो फक्त वेळापत्रक नव्याने जुळवतो आणि मागच्या गाडीला आधीच्या स्थानकावर थोडं जास्त थांबवून ठेवतो.