दाभोळ खाडी : गोड्या-खाऱ्याचा हिशेब

वाशिष्ठी नदी दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याआधी खेडची जगबुडीही तिच्यात येते. भरतीचं पाणी खाडीत बरंच आत चढतं. खारं पाणी जड असल्याने तळातून येतं, नदीचं गोडं पाणी त्यावरून वाहतं. दोन्ही मिसळतात तिथे गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. या चिखलात तिवर, चिप्पी ही कांदळवनातली झाडं रुजतात. त्यांचा कुजणारा पाला खेकड्यांचं आणि कोळंबीचं अन्न असतो. बोय अंडी समुद्रात घालते, पण तिची पिल्लं वाढायला खाडीत येतात. समुद्रातली मासळीसुद्धा खाडीच्या तब्येतीवर अवलंबून असते, ती अशी.

या खाडीची एक गोष्ट वेगळी आहे. कोयनेचं पूर्वेकडे जाणारं पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलेलं आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 अब्ज घनफूट पाणी ठरवलं. ते वाशिष्ठीत सुटतं. म्हणून एरवी खारटपणा वाढवणाऱ्या ऐन उन्हाळ्यातही इथे गोडं पाणी येत राहतं. एवढा मोठा बदल, पण मासेमारीच्या चर्चेत त्याचा उल्लेखही क्वचितच होतो.

शिवाय खाडीत येणारं लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी आहे, वाळूउपसा आहे. उपशात तळ खरवडला जातो आणि तिसऱ्या या शिंपल्यांची वस्तीच उठते. होडीवर पोट असलेल्या भोई कुटुंबांना नुकसानीची झळ सर्वांत आधी लागते.

2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. पाण्याच्या प्रतीला मात्र तेवढं कडक संरक्षण अजून मिळालेलं नाही.