जुन्या ध्वनिवर्धकाचा ट्रान्सफॉर्मर

भाताची कापणी आटोपली कीं आमच्या झाडीपट्टींत नाटकांचे दिवस येतात. लाखांदूरच्या भोंवतालच्या गांवांत रात्र रात्र प्रयोग चालतात. जवळचें वडसा हें तर नाटकमंडळ्यांचें मुख्य ठिकाण. शेवटच्या रांगेंतील म्हातारीलाही नटाचा शब्द ऐकूं यावा म्हणून ध्वनिवर्धक लागतो. आजचे ध्वनिवर्धक बहुधा ट्रान्झिस्टरचे असतात. परंतु विजेची गिटार वाजविणारे पुष्कळ वादक कांचेच्या व्हॉल्व्हचा जुना ध्वनिवर्धक अजून जिवापाड जपतात, कारण मोठ्यानें वाजतांना त्याचा स्वर फाटला तरी कानाला गोड लागतो. असें यंत्र एके दिवशीं मुकें झालें, म्हणजे दोष पुष्कळदां ट्रान्सफॉर्मरला लागतो. तो बदलावा कसा, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम त्याचें काम पाहूं. लोखंडाच्या पातळ पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेच्या निरनिराळ्या गुंडाळ्या असतात. पहिलींत घरची २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज जाते. तिच्या योगें गाभ्यांतील चुंबकत्व सारखें पालटतें आणि इतर गुंडाळ्यांत वीज उत्पन्न होते. हें तत्त्व मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं शोधून काढलें. सारा हिशेब वेढ्यांचा आहे. पहिल्या गुंडाळीस ९२० वेढे असल्यास दर व्होल्टास चार पडले. मग व्हॉल्व्हची तार तापविणाऱ्या ६.३ व्होल्टांस सुमारें २५ वेढे पुरतात आणि ३०० व्होल्टांस १२०० लागतात. अमेरिकेंतील सुमारें ११७ व्होल्टांसाठीं केलेलें यंत्र आपल्या विजेला सरळ जोडलें, तर प्रत्येक गुंडाळीवरील दाब जवळजवळ दुप्पट होऊं पाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो, तो याच हिशेबानें.

फ्यूज वारंवार उडूं लागला कीं कित्येक लोक तेथें जाड तार घालतात. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधावें, तसलाच हा प्रकार! ट्रान्सफॉर्मर सहसा आपण होऊन जळत नाहीं. विजेला एका दिशेस वळविणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह बिघडलेला असतो, किंवा एखादा जुना कंडेन्सर आंतून शॉर्ट झालेला असतो. तो अपराधी न शोधतां नवा ट्रान्सफॉर्मर बसविला, तर तोही त्याच वाटेनें जातो.

येथें एक इशारा. यंत्राची वीज तोडली तरी कंडेन्सरमध्यें तीनचारशें व्होल्ट शिल्लक राहूं शकतात आणि ते प्राण घेऊं शकतात. म्हणून विद्यार्थ्यांनीं हें काम एकट्यानें मुळींच करूं नये. जाणत्या कारागिरानें कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामे करावे, आणि मीटरचा कांटा शून्यावर आल्याचें पाहूनच आंत हात घालावा.

मग कोणती तार कोठें जाते, याचें चित्र कागदावर काढावें. केवळ तारांच्या रंगांवर विसंबूं नये. बाहेर वीज देणाऱ्या सर्व गुंडाळ्या सोडवून त्यांचीं टोंकें अलग ठेवावीं व पहिल्या गुंडाळीच्या वाटेंत ६० वॉटचा जुन्या धर्तीचा तारेचा दिवा जोडावा. दिवा लखलखीत पेटला, तर ट्रान्सफॉर्मर आंतून बिघडला. दिवा मंद राहिला आणि प्रत्येक गुंडाळीवर योग्य दाब मिळाला, तर तो बहुधा निर्दोष आहे. शोध पुढें करावा.

नवा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट व ५० आवर्तनांचा असावा. प्रत्येक गुंडाळीचा दाब जुन्याइतकाच आणि वीज पुरविण्याची शक्ति जुन्याहून कमी नसावी. बसविल्यावर यंत्राची लोखंडी बैठक जमिनीच्या तारेस पक्की जोडावी. प्रथम व्हॉल्व्ह न लावतां दाब मोजावे. भार नसल्यानें ते थोडे अधिक दिसतात. नंतर दिवा वाटेंत ठेवूनच व्हॉल्व्ह लावावे. दिवा क्षणभर उजळून मंदावला, तर तो काढून यंत्रावर लिहिलेल्या मापाचाच फ्यूज घालावा.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरींही फ्यूज आहे. तो उडाला, तर वडील मंडळींस जाड तार घालूं देऊं नका. तो कां उडाला, हें आधीं विचारा. त्या एका प्रश्नानें यंत्रच काय, एखादें घर आणि त्यांतील माणसेंही वांचतील.