पाण्याची नाडी पाहणारे इवले जीव

‘डॉक्टर, आम्ही पाणी उकळूनच पितो,’ असे अनेक रुग्ण विश्वासाने सांगतात. कावीळ, विषमज्वर, अतिसार यांच्या बाबतीत हा विश्वास सार्थ आहे. पाण्यात एक विष मात्र असेही असते, की ज्यापुढे चुलीची आच निष्प्रभ ठरते.

नाशिक शहर गंगापूर धरणाचे पाणी पिते; जिल्ह्यात ठिकठिकाणी शेततळी आहेत. अशा साठवलेल्या पाण्यात खते व सांडपाणी उतरले आणि उन्हाची जोड मिळाली, की नीलहरित शैवाल फोफावून हिरवी साय धरू शकते. त्यातील मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती मायक्रोसिस्टिन हे यकृतास घातक विष तयार करतात. उकळल्याने ते नष्ट होत नाही. उलट शैवालाच्या पेशी फुटून पाण्यात मिसळते. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे अशा दूषित पाण्यावर डायलिसिस झालेले पन्नासहून अधिक रुग्ण दगावले.

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा लिटरमागे केवळ १ मायक्रोग्रॅम आहे. एवढे सूक्ष्म मोजमाप खर्चिक प्रयोगशाळेतच होते. म्हणून पहिली चाळणी म्हणून डॅफ्निया उपयोगी पडतो. हा कोळंबीच्या कुळातील, काही मिलिमीटर लांबीचा जलचर. अंग इतके पारदर्शक, की सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे धडधडणारे हृदय दिसते.

प्रमाणित चाचणीत एक दिवसाहून लहान पिल्ले नमुन्याच्या पाण्यात ४८ तास ठेवतात. भांडे हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत जी पोहत नाहीत, ती मोजतात व स्वच्छ पाण्यातील पिल्लांशी तुलना करतात. जर्मनीत ऱ्हाईन नदीवर तर डॅफ्नियांच्या हालचालींवर यंत्रे अखंड पहारा देतात.

हा जीव धोक्याची घंटा वाजवतो. निदान करत नाही. कीटकनाशकानेही तो निपचित पडतो, आणि अल्प विषात तो पोहतही राहतो. म्हणून रासायनिक तपासणीला पर्याय नाही. रुग्णाची नाडी पाहिली, तरी रक्त तपासावेच लागते, तसेच हे.

घरी एवढे पाळावे: हिरवी साय धरलेले पाणी पिऊ नये, उकळूनही नाही. मुलांना त्यात उतरू देऊ नये, गुराढोरांना ते पाजू नये. आणि अशी साय दिसताच पाणीपुरवठा विभागास कळवावे.